सही भासऱ्याची, ऑपरेशन जावेचं : कायदा काय म्हणतो?

पऱ्हाटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजीकडची. गावाचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कायदा कळतो किंवा ज्यांनी दवाखान्यात काम केलं आहे त्यांनी नीट सांगा, कारण आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं आहे ती माझी धाकटी जाऊ बोलेनाशी झाली आहे.

जाऊ ३४ वर्षांची, दोन लेकरं. पोटात डावीकडे दुखायचं, पण वेचणीचे दिवस असल्यामुळे ती अंगावर काढत राहिली. कापसाची ओटी कमरेला बांधून वाकता येईना तेव्हा बोलली. सोनोग्राफीत अंडाशयाला गाठ निघाली. ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ काढून टाकू, चार-पाच दिवसांत घरी. गर्भपिशवीचा विषयच निघाला नव्हता, मी स्वतः समोर बसले होते.

भरती करताना काउंटरवरच्या पोरीने छापील फॉर्म पुढे केला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. जाऊ सातवी शिकलेली आहे, मराठी चांगलं वाचते, पण फॉर्म सगळा इंग्रजी. तिने विचारलंही, "यात काय लिवलं हाय?" तर पोरगी म्हणाली, "ऑपरेशनचं आहे, सगळ्यांकडूनच घेतो." जावेने फुलीवर सही केली.

ऑपरेशन सुरू असताना दीर रक्ताची पिशवी आणायला यवतमाळला गेले होते. दाराशी मी आणि आमचे हे. सिस्टर पाटी घेऊन बाहेर आली आणि यांना म्हणाली, "गर्भपिशवी पण खराब दिसते, काढावी लागते, लवकर सही करा, पेशंट टेबलावर आहे." यांनी विचारलं, "तिच्या जिवाले धोका हाय का?" सिस्टर म्हणाली, "डॉक्टरनी सांगितलं तेवढं मी सांगते." त्यांनी सही केली. त्या वेळी दुसरं कोणी काय करणार?

आम्हाला वाटलं डॉक्टर तिला सांगतील. डॉक्टरांना वाटलं असेल घरचे सांगतील. टाके काढायला गेलो तेव्हा तिथला माणूस सहज बोलून गेला, "चला, पाळीची कटकट गेली कायमची." तिला तिथे कळलं. ऑटोत बसल्यावर मला म्हणाली, "ताई, माह्या पोटातली पिशवी काढली अन् मलेच मालूम नाई? तुमाले मालूम होतं, भाऊजींले मालूम होतं, सिस्टरले मालूम होतं."

सासूबाई म्हणतात दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम. दीर म्हणतात केस करतो. आमचे हे जेवत नाहीत धड, म्हणतात सही माझी म्हणजे गुन्हेगार मीच. मला एवढं सांगा: बाई सज्ञान असताना भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, सही चालते का? यांच्यावर काही येऊ शकतं का? आणि दवाखान्याकडून काय मागायचं? पैसे अर्धे रोख दिले, अर्धे फोनपेवर. पक्कं बिल मिळालं नाही. आणखी एक, जावेला रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घामाने लुगडं भिजतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

निवृत्त_सिस्टर_अमरावती

ताई, कायद्याचं जाणकार सांगतील. मी तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण ती सगळ्यात घाईची आहे.

पिशवी काढली म्हणून पाळी थांबते, पण अंगातून वाफा आणि घाम हे अंडाशय गेल्याचं लक्षण असू शकतं. गाठ एका अंडाशयाला होती. दुसरंही काढलं का हे आधी शोधा. दोन्ही काढले असतील तर ३४ व्या वर्षी पाळी जाण्याची अवस्था एकदम, एका दिवसात येते. नैसर्गिकपणे ती पन्नाशीच्या आसपास हळूहळू येते. इतक्या लवकर आली की हाडं ठिसूळ होतात, हृदयावर परिणाम होतो, झोप आणि मन दोन्ही बिघडतं. त्यावर गोळ्या आहेत, कोणाला द्यायच्या आणि कोणाला नाही हे तपासून ठरवावं लागतं. डिस्चार्ज कार्ड घेऊन यवतमाळच्या शासकीय मेडिकलच्या किंवा सेवाग्रामच्या स्त्रीरोग ओपीडीत तिला या आठवड्यात दाखवा. केस होते की नाही याची वाट बघू नका. आणि ती बोलत नाही हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो तिचा हट्ट नाही, आजाराचाच भाग असू शकतो.

आता कागद. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. भरतीचा पूर्ण केस पेपर मागा. त्यात संमतीचा फॉर्म, ऑपरेशन नोट, भुलीच्या डॉक्टरांची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट असला पाहिजे. काढलेली पिशवी आणि गाठ तपासणीला पाठवायची असते. तो रिपोर्ट सांगेल की पिशवी खरंच खराब होती का. भुलीच्या नोंदीत दर काही मिनिटांचं बीपी आणि नाडी लिहिलेली असते. आत रक्तस्राव होऊन जीव धोक्यात आला होता का, हे त्या आकड्यांवरून कोणताही डॉक्टर सांगू शकतो.

मी ज्या वॉर्डात बरीच वर्षं होते तिथे एक मॅडम होत्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाईच्या खाटेवर बसायच्या, नातेवाइकांना बाहेर पाठवायच्या आणि विचारायच्या, "उद्या पोट उघडल्यावर पिशवीही खराब दिसली तर काढू का? की टाके घालून बंद करू आणि तू शुद्धीवर आल्यावर बोलू?" बाई जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत केस पेपरवर लिहायच्या. "सध्या ठेवा, माझ्या मालकांशी बोलून सांगते" असं लिहिलेला कागद मी पाहिला आहे. त्यानंतर खाली अंगठा. एवढं करायला दहा मिनिटं लागत नाहीत, म्हणून तुमचं वाचून जास्त राग येतो.

दारव्हा_शेतकरी

पहिले सांगतो, वहिनींसोबत वाईट झालं. पण केसच्या भानगडीत पडण्याआधी विचार करा. आमच्याकडे रात्री बाळंतपणाला माणूस मिळत नाही, एक डॉक्टर होता तो भांडणाला कंटाळून नागपूरला गेला. सही घरच्या माणसाने केली, ऑपरेशन झालं, पेशंट जिवंत घरी आली. डॉक्टरने मुद्दाम तर नाही ना केलं.

जिल्हा_न्यायालय_वकील

पऱ्हाटीताई, सगळ्यात आधी तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा: तुमच्यावर काहीही येत नाही. घाबरलेल्या नातेवाइकाने दाराशी केलेली सही हा गुन्हा नाही. पण त्या सहीने डॉक्टरांनाही कसला अधिकार मिळाला नाही. सज्ञान बाईच्या शरीराबाबत हो म्हणण्याचा अधिकार तुमच्या यजमानांकडे नव्हताच, मग ते तो दुसऱ्याला देणार कुठून?

हे माझं मत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, जानेवारी २००८. घटना दिल्लीतली, १९९५ ची. ४४ वर्षांची अविवाहित बाई रक्तस्रावाची तक्रार घेऊन गेली. दुर्बिणीने तपासणीसाठी तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांच्या सहकारी बाहेर आल्या, तिच्या वृद्ध आईची सही घेतली आणि गर्भपिशवी व अंडाशय काढले. तुमच्या घरच्या प्रसंगाशी ताडून बघा, आईच्या जागी भासरे एवढाच फरक.

न्यायालयाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, तर आईची संमती ही संमतीच नाही. तपासणीला दिलेला होकार उपचाराला लागू होत नाही आणि एका ऑपरेशनचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही. दारव्ह्याच्या भाऊंनी जो मुद्दा काढला त्यावरही त्या निकालात उत्तर आहे. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, पेशंटचा पुढचा त्रास आणि दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च वाचला, हा बचाव चालत नाही. अपवाद एकच: जीव वाचवायला किंवा तब्येत राखायला ते तिथल्या तिथे करणं भाग होतं आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं नव्हतं. फौजदारी कायद्यातही अशा प्रसंगाला संरक्षण आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०.

म्हणून सिस्टरांनी सांगितलेली ऑपरेशन नोट आणि भुलीची नोंद हाच तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. "रक्तस्राव थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली" असं लिहिलं असेल आणि बीपीचे आकडे त्याला जुळत असतील, तर डॉक्टर बरोबर आहेत आणि मी तुम्हाला केस करू नका असंच सांगेन. नुसतं "पिशवी सुजलेली दिसली" असं असेल तर थांबता येत होतं.

होकार घेताना काय सांगायला हवं हेही त्याच निकालात आहे: काय करणार आणि कशासाठी, फायदा काय, दुसरा उपाय आहे का, मोठे धोके कोणते आणि उपचार नाही घेतला तर काय होईल. प्रत्येक दुर्मिळ धोका वाचून दाखवला पाहिजे असं आपल्या न्यायालयाने म्हटलेलं नाही. बाईला हो किंवा नाही ठरवता येईल एवढं कळलं पाहिजे. तुमच्या जावेला न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर फुली दाखवून सही घेतली, याला मी होकार म्हणत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही २०२० मध्ये जागा रिकाम्या ठेवलेल्या छापील ठोकळेबाज फॉर्मांवर ताशेरे ओढून ती अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

करायचं काय? जावेच्या सहीने साधा अर्ज लिहा: "माझ्या भरतीच्या काळातील सर्व वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात." वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. अर्ज दिराच्या नव्हे, तिच्या नावाने. फोनपेच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. पक्कं बिल नसलं तरी पैसे दिल्याचा तो पुरावा आहे.

दाद मागायची तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी करता येते. पोलिसांत धावू नका. फौजदारी निष्काळजीपणा ठरवायला न्यायालयाने २००५ पासून कसोटी फार कडक ठेवली आहे आणि तिथे वर्षं जातात.

पैशांबद्दल दिराला आधीच स्पष्ट सांगा. समीरा कोहलींना तेरा वर्षांनी भरपाई मिळाली ती २५,००० रुपये, शिवाय डॉक्टरांची फी नामंजूर झाली. हैदराबादच्या निम्स संस्थेच्या प्रकरणात, जिथे फक्त तुकडा काढून तपासायचा होकार असताना गाठच काढली आणि तरुण मुलगा कमरेखाली लुळा झाला, तिथे २००९ मध्ये १ कोटी मिळाले. प्रत्येक प्रकरण निराळं असतं.

ग्रामीण_रुग्णालय_गडचिरोली

मी डॉक्टर आहे, सरकारी. वकीलसाहेबांनी निकाल बरोबर मांडला आहे. आमच्या लोकांकडून ही चूक वारंवार का होते तेवढं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ती थांबायची नाही.

२००२ च्या नियमांतच लिहिलं आहे की ऑपरेशनआधी नवरा किंवा बायको, अल्पवयीन असेल तर आई-वडील किंवा पालक, नाहीतर स्वतः पेशंट, यांची लेखी संमती घ्या. पेशंटचं नाव शेवटी! शिवाय मूल होण्याची क्षमता जाणार असेल अशा ऑपरेशनला नवरा-बायको दोघांची संमती घ्या असंही आहे. हे वाचून शिकलेल्या डॉक्टरच्या डोक्यात पक्कं बसतं की नवऱ्याची सही मिळाली म्हणजे काम झालं. खरं तर ज्या ठिकाणी नवऱ्याची लागते तिथे ती बाईच्या सहीशिवाय नाही, तिच्याबरोबर लागते. आणि सरकारी कुटुंबनियोजनात तर मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवऱ्याची संमती लागतही नाही, बाईची स्वतःची लागते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही १८ पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते. तरी किती दवाखाने "मालकांना घेऊन या" म्हणून बाईला परत पाठवतात ते तुम्ही सगळे जाणता.

दुसरं म्हणजे भीती. पेशंटला काही झालं तर दवाखाना नातेवाईक फोडतात, पेशंट नाही. म्हणून डॉक्टर सही त्यांची घेतो ज्यांची त्याला भीती वाटते. मारहाण झालेले सहकारी मी पाहिले आहेत, ती भीती खोटी नाही. पण त्यात खाटेवरची बाई कागदावरून नाहीशी होते.

माझ्या भागात गोंडी बोलणारे पेशंट बरेच. मराठीत "समजलं का?" विचारलं की सगळे मान डोलावतात. म्हणून मी ते विचारणं सोडलं. पाठकोऱ्या कागदावर पिशवी आणि दोन अंडाशय काढतो, काय कापणार तिथे रेघ मारतो आणि गावच्या आशाताईला गोंडीत सांगायला लावतो. मग पेशंटला म्हणतो, आता तू मला सांग, उद्या मी काय करणार? मागे एका आजीने कागद हातात घेतला, रेघ मारलेल्या भागावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काढल्यावर इथे रिकामं राहील का, बाकीचं खाली येईल का? पोट धरून काम करणाऱ्या बाईच्या मनात येणारा अगदी बरोबर प्रश्न. छापील फॉर्ममध्ये तो कुठेच नसतो. आम्ही त्या चित्राखालीच अंगठा घेतो आणि चित्र केस पेपरला टाचतो.

दारव्ह्याचे भाऊ, तुमची काळजी मला कळते. आम्ही रात्रीबेरात्री एकटे असतो हेही खरं. पण ऊसतोड बायांच्या पिशव्या इतक्या प्रमाणात काढल्या गेल्याचं बीडमध्ये २०१९ साली उघड झालं, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अनावश्यक गर्भपिशवी काढण्याविरुद्ध केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. गरीब, रोजीने जाणारी, दोन लेकरं झालेली बाई असली की तिची पिशवी काढणं आपल्याकडे फार स्वस्तात घेतलं जातं. विचारणारं कोणी असेल तर चांगल्या डॉक्टरचं काहीही बिघडत नाही.

दारव्हा_शेतकरी

डॉक्टरसाहेब, तुमचं पटलं. पऱ्हाटीताई, कागद मागायला सोबत माणूस पाहिजे असेल तर सांगा, यवतमाळला माझं येणं-जाणं असतं.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे, आधी तिची तब्येत बघितली. मेडिकलच्या ओपीडीत नेलं. सोनोग्राफीत उजवं अंडाशय जागेवर दिसलं. तिथल्या मॅडमनी जावेला आत एकटीला घेतलं, मला बाहेर बसवलं. रक्त तपासायला दिलं आहे, वाफांसाठी आणि झोपेसाठी औषध सुरू केलं. बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, "एक हाय अजून माह्यापाशी." सिस्टर, तुमच्यामुळे हे कळलं.

अर्ज जावेच्या सहीने दिला. दवाखान्यातल्या माणसाने आधी "नवऱ्याला पाठवा" म्हटलं. तिने वकीलसाहेबांचं ७२ तासांचं बोलणं मोबाइलवर उघडून दाखवलं आणि बाकावर बसून राहिली. पोच मिळाली. कागदही मिळाले, बायोप्सीचा सोडून. माझ्या पुतणीने, ती नर्सिंगला आहे, वाचून सांगितलं. फॉर्मवर ऑपरेशनचं नाव म्हणून गाठ काढण्याचंच लिहिलं आहे, खाली जावेची सही. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला हाताने दोन ओळी, पिशवी काढण्याबद्दल, खाली आमच्या यांची सही आणि "नाते" या शब्दापुढे "भासरे". ऑपरेशन नोटमध्ये पिशवी "मोठी व सुजलेली" एवढंच आहे. रक्तस्रावाचा शब्द कुठेही नाही. भुलीच्या कागदावर बीपी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच आहे असं पुतणी म्हणते.

यांना वकीलसाहेबांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी जावेसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, केस केली तर साक्ष मी देतो, सिस्टर काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगतो.

दिराला अजूनही लाखांची भरपाई पाहिजे. जावेचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, "मले पैसे नोको. त्यानं लिवून द्यावं का मले काहून नाई विचारलं." वकीलसाहेब, आयोगात असं मागता येतं का? आणि बायोप्सीचा रिपोर्ट नाही दिला तर?

जिल्हा_न्यायालय_वकील

आयोग माफीनामा लिहून घेईलच असं सांगता येत नाही. पण तक्रार दाखल करून घेतली की डॉक्टरांना लेखी उत्तर मागणारी नोटीस जाते आणि का विचारलं नाही हा तक्रारीतला पहिला मुद्दा करता येतो. त्यांनी उत्तर दिलं की ते तिच्या हातात पडेल. भरपाईची रक्कम किती लिहायची ते तिनेच ठरवावं, दिरांनी नाही.

बायोप्सीसाठी दुसरा अर्ज करा, त्यात पहिल्या अर्जाची तारीख लिहा आणि नमुना कोणत्या लॅबला पाठवला ते विचारा. पाठवलाच नसेल तर तसं लेखी मागा, तेही उपयोगाचं. दवाखान्याच्या नोंदणीचं काम जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे असेल, तर अर्जाची एक प्रत तिथेही द्या.

विधी सेवा प्राधिकरणात जाताना सगळ्या कागदांचे दोन झेरॉक्स संच, आधार कार्ड आणि फोनपेचे स्क्रीनशॉट छापून न्या. मूळ कागद कोणालाही देऊ नका. यजमानांची हकीकत आत्ताच, आठवते आहे तोवर, त्यांच्या शब्दांत वहीत लिहून तारीख टाकून ठेवा. सिस्टरला त्यांनी जिवाला धोका आहे का असं विचारलं होतं आणि तिने उत्तर दिलं नाही, हे त्यात नक्की आलं पाहिजे.